नाशिकचे वकीलपत्र

पक्षकार वकीलपत्रावर सही करतो, तेव्हा तो आपला आवाज दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. यापुढे माझ्या वतीने हा बोलेल, असा त्या कागदाचा अर्थ. लोकशाहीत मतदार आपल्या प्रतिनिधीला जे देतो, तेही याहून फारसे वेगळे नसते. १९६३ साली नाशिक लोकसभा मतदारसंघाने असे वकीलपत्र एका वकिलाच्याच हाती दिले. पोटनिवडणुकीत यशवंतराव बळवंतराव चव्हाण बिनविरोध निवडून आले. एकही मतपेटी उघडावी लागली नाही.

नाशिक हे यशवंतरावांचे जन्मस्थान नव्हते की कार्यक्षेत्रही नव्हते. त्यांचा जन्म कृष्णाकाठचा, शिक्षण कराड-कोल्हापूर-पुण्याचे आणि वकिली कराडची. तरीही गोदाकाठच्या या जिल्ह्याने त्यांना निःशंक मनाने दिल्लीला पाठविले. बिनविरोध निवड हा सन्मान असतो, तसे ते ऋणही असते. कारण ज्याला कोणी प्रश्न न विचारता पाठविले, त्याने आपला हिशेब आपणच द्यावयाचा असतो. यशवंतरावांच्या जीवनाकडे या हिशेबाच्या दृष्टीने पाहिले, म्हणजे त्यांचे मोठेपण आणि त्यांच्या मर्यादा दोन्ही स्पष्ट दिसतात.

बेलिफाचा मुलगा

१२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या आजोळच्या गावी यशवंतरावांचा जन्म झाला. हे गाव त्या वेळी सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. वडील बळवंतराव न्यायालयात बेलिफ होते. समन्स बजावणे, जप्तीचा हुकूम घेऊन दारोदार जाणे, हे बेलिफाचे काम. न्यायसंस्थेच्या पायरीवर उभे राहून सामान्य माणसाला कायदा कसा भेटतो, हे या घराने जवळून पाहिले होते. यशवंतराव लहान असतानाच प्लेगच्या साथीने वडिलांना नेले. मागे राहिलेल्या विठाईंना अक्षरओळख नव्हती. परंतु मुलांनी शिकावे याविषयी त्यांच्या मनात कधी दुमत नव्हते. ज्ञानोबा व गणपतराव या थोरल्या भावंडांनी संसाराचा भार उचलला आणि धाकट्याच्या हाती पुस्तक राहिले.

ते पुस्तक मात्र शांतपणे वाचण्याचा तो काळ नव्हता. २६ जानेवारी १९३२ रोजी कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये राष्ट्रध्वज फडकविल्याबद्दल या विद्यार्थ्याला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. अजून मॅट्रिकही व्हावयाचे होते. येरवड्याच्या तुरुंगात आचार्य भागवतांसारख्या विद्वानांचा सहवास लाभला आणि शिक्षेची मुदत हीच अभ्यासाची मुदत ठरली. सुटकेनंतर १९३४ साली ते मॅट्रिक झाले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून इतिहास व राज्यशास्त्र घेऊन १९३८ साली बी.ए. झाले आणि पुण्याच्या विधी महाविद्यालयात शिकून १९४१ साली एलएल.बी. झाले. वडील ज्या न्यायालयाचे हुकूम घेऊन गावोगाव फिरले, त्याच न्यायव्यवस्थेत मुलगा काळा कोट घालून उभा राहिला.

कराडची ही वकिली जेमतेम वर्षभर चालली. २ जून १९४२ रोजी फलटणच्या वेणूताईंशी त्यांचा विवाह झाला आणि दोनच महिन्यांत ‘चले जाव’चा ठराव झाला. यशवंतराव भूमिगत झाले. सातारा जिल्ह्यातील चळवळीच्या सूत्रधारांपैकी ते एक असल्याने सरकारचा रोष घरावर वळला. काही महिन्यांतच वेणूताईंनाही अटक झाली. पुढे यशवंतरावही पकडले गेले. ज्या तरुणाने कायद्याची पदवी घेतली, त्यानेच परक्या सत्तेचा कायदा मोडावा, यात त्या पिढीला विसंगती वाटत नव्हती. कायदा आणि न्याय या दोन गोष्टी एकच असतात असे नाही, हे त्यांना पुस्तकाआधी तुरुंगाने शिकविले होते.

१९४६ साली ते मुंबई विधानसभेवर निवडून आले आणि संसदीय चिटणीस झाले. वकिलीचा कोट खुंटीवर राहिला तो कायमचाच. परंतु वकिलाच्या ज्या दोन सवयी असतात, समोरच्या पक्षाची बाजू त्याच्याहून अधिक नेमकेपणाने समजून घेणे आणि शब्द जपून वापरणे, त्या त्यांच्याबरोबर शेवटपर्यंत राहिल्या.

निसटत्या विजयापासून बिनविरोध निवडीपर्यंत

१ नोव्हेंबर १९५६ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी, यशवंतराव द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. तो मुकुट काटेरी होता. संयुक्त महाराष्ट्रासाठी मराठी मुलूख पेटलेला होता आणि द्वैभाषिकाचा मुख्यमंत्री म्हणजे लोकांच्या मनातील आरोपी होता. १९५७ च्या निवडणुकीत कराडसारख्या घरच्या मतदारसंघातही त्यांना निसटता विजय मिळाला. त्याच निवडणुकीत नाशिककरांनी काँग्रेसला नाकारून दादासाहेब गायकवाड यांना लोकसभेवर पाठविले. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाचे हे अग्रणी, दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे सुपुत्र. त्या वर्षी यशवंतराव नाशिकमधून उभे राहिले असते, तर काय घडले असते, याची कल्पना करणे अवघड नाही.

मग अवघ्या सहा वर्षांत हा पालट कसा झाला?

याचे पहिले उत्तर १ मे १९६० या तारखेत आहे. द्वैभाषिक राज्य लोकांना मान्य नाही, ही गोष्ट दिल्लीच्या गळी उतरविण्याचे काम यशवंतरावांनी मोर्चाने नव्हे, युक्तिवादाने केले. ज्यांनी त्यांना महाराष्ट्रद्रोही म्हटले, त्यांच्याविषयी त्यांनी कटुता बाळगली नाही. महाराष्ट्राचा मंगल कलश त्यांच्याच हस्ते आला. आंदोलनाचे श्रेय आंदोलकांचे आणि ते दिल्लीत मान्य करून घेण्याचे श्रेय यशवंतरावांचे, अशी ही वाटणी आज निःपक्षपातीपणे करता येते.

दुसरे उत्तर त्यांच्या कारभारात आहे. १९५८ च्या कायद्याने गावकीची कनिष्ठ वतने रद्द झाली आणि महार वतनाची पिढीजात वेठ संपली. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या समाजाच्या सवलती जाऊ लागल्या, तेव्हा राज्य सरकारने त्या चालू ठेवल्या. या दोन्ही प्रश्नांची धग दादासाहेब गायकवाडांच्या नाशिक जिल्ह्याला विशेष जाणवत होती. आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या पालकांच्या मुलांना फी-माफी मिळाली. ‘ई.बी.सी.’ ही तीन अक्षरे त्या काळच्या किती घरांतील पहिल्या पदवीधराच्या मागे उभी आहेत, हे त्या पिढीतील वाचकांना सांगावयास नको. १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामाला लागल्या आणि मुंबईच्या सचिवालयातील अधिकाराचा एक भाग जिल्ह्याच्या गावी आला.

तिसरे उत्तर हिमालयातून आले. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनच्या आक्रमणाने देश हादरला. कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावे लागले आणि पंडित नेहरूंनी यशवंतरावांना बोलावून घेतले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य त्या दिवसांत घरोघरी झाले. मंत्र्याला संसदेच्या कोणत्या तरी सभागृहाचे सदस्य असावे लागते, आणि लोकसभेत जाण्यासाठी यशवंतरावांना मतदारसंघ हवा होता. तो नाशिकने दिला. ज्या जिल्ह्याने १९५७ साली त्यांच्या पक्षाला बाजूस सारले, त्याच जिल्ह्यात १९६३ साली त्यांच्याविरुद्ध लढत झाली नाही. देशावर आलेल्या संकटाच्या वेळी पक्षाचा झेंडा क्षणभर खाली ठेवण्याचा समंजसपणा नाशिकने दाखविला.

ओझरच्या शिवारात

नाशिकला नवा खासदार क्वचितच दिसत असणार. त्याच्यापुढे पराभवाने खचलेले सैन्य होते. सप्टेंबर १९६३ मध्ये त्यांनी पूर्वोत्तर सीमेवरील पराजयाच्या चौकशीविषयी लोकसभेत निवेदन केले. संपूर्ण अहवाल प्रसिद्ध करणे सरकारने टाळले. तथापि प्रशिक्षण, शस्त्रसामग्री आणि नेतृत्व यांत कोठे उणे पडले, हे निवेदनात मान्य केले. जे सांगावयाचे ते सांगावे, जे झाकावयाचे ते झाकावे आणि तरीही सभागृहाची दिशाभूल करू नये, ही वकिलाची कसोटी तेथे लागली.

१९६४ पासून संरक्षणाची पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. ८,२५,००० सैनिकांचे भूदल आणि ४५ स्क्वाड्रनचे हवाई दल हे तिचे लक्ष्य होते. पैसा किती लागेल, तो कोठून येईल आणि कोणत्या वर्षी काय मिळेल, याचा ताळेबंद प्रथमच एकत्र मांडला गेला. शस्त्रे मिळविण्यासाठी त्याच वर्षी यशवंतराव अमेरिकेला आणि नंतर रशियाला गेले. अमेरिकेत असतानाच नेहरूंच्या निधनाची वार्ता आल्याने त्यांना परतावे लागले.

याच योजनेतील एक पान नाशिककरांच्या वाट्याला आले. रशियाच्या सहकार्याने मिग विमाने देशात बांधावयाची ठरली होती. इंजिनांचा कारखाना ओरिसातील कोरापुट येथे, इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा हैदराबाद येथे आणि विमानाचा सांगाडा बांधून ते जोडण्याचा कारखाना नाशिकजवळ ओझर येथे, अशी विभागणी झाली. १९६४ साली ओझरचा कारखाना स्थापन झाला आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे नाव निफाड तालुक्याच्या नकाशावर आले. द्राक्षे, कांदा आणि ऊस यांच्या शिवारात धावपट्टी आखली गेली. शेतकऱ्याचा मुलगा फिटर झाला, टर्नर झाला, तंत्रज्ञ झाला. महिन्याच्या ठरलेल्या तारखेस पगार घरी येऊ लागला, तेव्हा कर्ज, विमा, मुलांचे शिक्षण आणि स्वतःचे घर या गोष्टींचा विचार करण्याची सवय अनेक कुटुंबांना लागली. मिग-२१ नंतर मिग-२७ आणि त्यानंतर सुखोई-३० अशी विमानांची पिढी बदलत गेली. ओझरचे नाव टिकून राहिले. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींतील कारखानदारीला कुशल हातांचा जो आधार मिळाला, त्यातही ओझरचा वाटा आहे.

या कारखान्याचे सारे श्रेय एका व्यक्तीला देणे बरोबर होणार नाही. मिगचा करार यशवंतराव दिल्लीस जाण्यापूर्वीच, ऑगस्ट १९६२ मध्ये झाला होता. परंतु कारखाना उभा राहिला तो नाशिकचा खासदार संरक्षणमंत्री असताना, हेही तितकेच खरे. आपल्या प्रतिनिधीने गटारे आणि रस्त्यांपुरते न पाहता पन्नास वर्षे पुरेल असे काम आणावे, अशी अपेक्षा कोणत्याही जिल्ह्याने ठेवावी. नाशिकची ती अपेक्षा फळाला आली.

१९६५ च्या युद्धात यशवंतरावांची खरी परीक्षा झाली. १ सप्टेंबर रोजी छांब भागात पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकत असताना हवाई दलाची मदत मागण्यात आली. हवाई दल वापरणे म्हणजे संघर्षाचे रूपांतर उघड युद्धात होणे. एअर मार्शल अर्जन सिंग यांच्याशी झालेल्या चर्चेनंतर यशवंतरावांनी काही मिनिटांत परवानगी दिली आणि त्याच सायंकाळी विमाने झेपावली. ६ सप्टेंबरला लाहोरची आघाडी उघडली गेली. एरवी प्रत्येक बाजू तोलून पाहणारा, निर्णयाला वेळ घेणारा म्हणून ओळखला जाणारा हा माणूस त्या सायंकाळी डगमगला नाही.

सभागृहातील वकील

१९६७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत यशवंतरावांनी साताऱ्यातून उमेदवारी केली आणि नाशिकचे प्रतिनिधित्व संपले. ते अवघे चार वर्षांचे होते. त्यानंतर गृह, अर्थ आणि परराष्ट्र अशी केंद्रातील सर्वांत जबाबदारीची खाती त्यांनी सांभाळली. अर्थमंत्री असताना सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १०० हून अधिक विमा कंपन्यांचे विलीनीकरण होऊन चार सरकारी कंपन्या उभ्या राहिल्या. गृहमंत्री म्हणून त्यांनी संस्थानिकांशी तनख्यांविषयी प्रदीर्घ वाटाघाटी केल्या. सप्टेंबर १९७० मध्ये तनखे रद्द करणारे विधेयक लोकसभेत मंजूर झाले. राज्यसभेत मात्र १४९ विरुद्ध ७५ अशी मते पडून दोन तृतीयांशाला एका मताहूनही कमी अंतराने ते नापास झाले. अखेरीस १९७१ च्या घटनादुरुस्तीने तनखे गेले.

परंतु त्यांच्यातील वकिलाचे सर्वांत दूरदर्शी काम लोकांना फारसे ठाऊक नाही. १९६७ नंतर अनेक राज्यांत आमदारांनी पक्ष बदलण्याची जणू शर्यत लागली. ‘आयाराम गयाराम’ हा शब्दप्रयोग तेव्हाचा. लोकसभेच्या ठरावानुसार या रोगावर उपाय सुचविण्यासाठी गृहमंत्री यशवंतरावांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जयप्रकाश नारायण, हृदयनाथ कुंझरू, मोतीलाल सेटलवाड यांसारखी मंडळी तीत होती. समितीने १९६९ साली अहवाल दिला. त्यातील एक आकडा आजही बोलका आहे. पक्षांतर करणाऱ्या २१० आमदारांपैकी ११६ जणांना, त्यांनीच सत्तेवर आणलेल्या मंत्रिमंडळांत मंत्रिपदे मिळाली होती. रोगाचे निदान या एका आकड्यात होते. म्हणून समितीने औषधही तेथेच सुचविले. पक्षांतर करणाऱ्यास एक वर्षापर्यंत किंवा तो पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्रिपद मिळू नये आणि मंत्रिमंडळाच्या आकाराला सभागृहाच्या सदस्यसंख्येच्या प्रमाणात मर्यादा असावी.

शिफारसी कपाटात पडून राहिल्या. पक्षांतरबंदीची ५२ वी घटनादुरुस्ती १९८५ च्या प्रारंभी संमत झाली, यशवंतरावांच्या निधनानंतर जेमतेम दोन महिन्यांनी. मंत्रिमंडळाच्या आकाराला मर्यादा येण्यास तर २००३ साल उजाडले. चौतीस वर्षांपूर्वी सुचविलेली मर्यादा दहा-अकरा टक्के होती. घटनेत आली ती पंधरा टक्क्यांची.

उलटतपासणी

ज्याने आयुष्यभर विरुद्ध बाजू ऐकून घेतली, त्याच्या चरित्राची उलटतपासणी टाळणे हा त्याचाच अपमान ठरेल.

१९६९ साली राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीच्या प्रश्नावर बंगळूरच्या बैठकीत यशवंतरावांनी नीलम संजीव रेड्डी यांच्या बाजूने मत दिले. परंतु पक्ष फुटला तेव्हा ते इंदिरा गांधींबरोबर राहिले. आणीबाणीत ते परराष्ट्रमंत्री होते आणि त्यांनी मंत्रिमंडळ सोडले नाही. १९३२ साली ध्वजासाठी तुरुंगात गेलेला तरुण १९७५ साली गप्प का राहिला, हा प्रश्न त्यांच्या चाहत्यांनाही पडला. १९७७ च्या पराभवानंतर ते लोकसभेतील विरोधी पक्षनेते झाले. जुलै १९७९ मध्ये त्यांनी मोरारजी देसाई सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव मांडला, सरकार गेले आणि चरणसिंग यांच्या अल्पजीवी मंत्रिमंडळात ते उपपंतप्रधान झाले. दरम्यान काँग्रेसच्या एका गटातून दुसऱ्या गटात त्यांचा प्रवास झाला आणि १९८१ साली ते पुन्हा इंदिरा गांधींच्या पक्षात परतले. पक्षांतरावर अहवाल लिहिणाऱ्या हातांनी हे घडावे, यावर टीकाकारांनी बोट ठेवले, आणि ते अकारण नव्हते.

यशवंतरावांच्या बाजूनेही काही सांगता येते. त्यांनी केलेली पक्षबदलाची वाटचाल ही काँग्रेसच्याच फुटीची वाटचाल होती. ते ज्या विचारात वाढले, तो त्यांनी सोडला नाही. घर दुभंगले तेव्हा कोणत्या खोलीत राहावे, एवढाच प्रश्न होता. तरीही निकाल पूर्णपणे त्यांच्या बाजूने लागणार नाही. दोन्ही बाजू समजून घेणे हा वकिलाचा गुण. परंतु एका क्षणी एका बाजूला उभे राहावे लागते, आणि तो क्षण चुकला, तर गुणाचाच दोष होतो. सप्टेंबर १९६५ मध्ये त्यांना तो क्षण साधला. आणीबाणीत तो निसटला.

अखेरची वर्षे एकाकी होती. १ जून १९८३ रोजी वेणूताई गेल्या. आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष म्हणून केंद्र आणि राज्ये यांच्यातील करांच्या वाटणीचा अहवाल त्यांनी पूर्ण केला आणि ‘कृष्णाकाठ’ हे आत्मचरित्र वाचकांच्या हाती दिले. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे.

गोदाकाठची ज्ञानगंगा

नाशिकने मात्र त्यांच्याशी असलेले नाते पुढे चालविले. १ जुलै १९८९ रोजी महाराष्ट्राचे मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, त्याला यशवंतरावांचे नाव देण्यात आले आणि त्याचे मुख्यालय नाशिकला आले. गंगापूर धरणाच्या परिसरात, गोवर्धन गावाजवळ ते उभे आहे. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. परिस्थितीमुळे शाळा सुटलेला कामगार, लग्नानंतर अभ्यास थांबलेली गृहिणी, शेतात राबणारा तरुण, यांना पुन्हा पुस्तकाकडे आणणारे हे विद्यापीठ आहे. शिक्षा भोगून आल्यावर एकविसाव्या वर्षी मॅट्रिक झालेल्या मुलाचे नाव त्याला आहे, हे त्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे असे आहे. ज्या विठाईंना स्वतःला अक्षर लावता आले नाही, त्यांच्या पोटच्या मुलाच्या नावाने आज महाराष्ट्रातील असंख्य स्त्रिया पदवी घेत आहेत.

वकीलपत्राचा एक नियम असतो. काम संपले की ते संपते, पण वकिलाने केलेला युक्तिवाद दप्तरात राहतो. ओझरच्या धावपट्टीवरून उडणारे विमान, गोवर्धनच्या विद्यापीठातून घरोघर जाणारे पुस्तक आणि उशिरा का होईना घटनेत शिरलेली पक्षांतरबंदी हे यशवंतरावांचे दप्तर आहे. आजही निवडणूक जवळ आली, की नाशिकच्या मतदारापुढे अनेक जण हात जोडून उभे राहतात. सही करण्यापूर्वी मतदाराने एवढेच विचारावे : विरुद्ध बाजू समजून घेण्याची तुमची तयारी आहे का, आणि वेळ येईल तेव्हा एका बाजूला उभे राहण्याचे धैर्य आहे का? यशवंतरावांच्या आयुष्यात पहिल्या प्रश्नाचे उत्तर नेहमीच होय असे होते. दुसऱ्याचे उत्तर कधी होय, तर कधी नाही. त्या ‘नाही’ची किंमत देशाने मोजली आहे, म्हणून यापुढे तरी दोन्ही प्रश्न एकत्र विचारले जावेत.